धाव, चाकोरी आणि साइडपट्टी

सायकलच्या टायरला इतिहास असतो का? असतो. मी पस्तीस वर्षे शाळेत इतिहास आणि मराठी शिकवले. तह, लढाया, सनावळ्या सगळे झाले. पण ज्या रस्त्याने आणि ज्या चाकांवर मुले शाळेत यायची त्यांच्याबद्दल पाठ्यपुस्तकात एक ओळही नव्हती. आज ती उणीव थोडी भरून काढते.

निमित्त घरचेच आहे. माझा भाचा साताऱ्यात असतो, भाची सांगलीत. दोघांनीही यंदा कामावर जायला माउंटन बाइक घेतली. भाचा शहरातून महामार्ग ओलांडून एमआयडीसीत जातो आणि भाची सांगलीहून मिरजेला, एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत. महिन्याभरात दोघांची तक्रार एकच. "आत्या, दिसायला एवढी दणकट, पण चालवायला जड. आणि घूं घूं आवाज करते. टायर बदलू का? कुठले घेऊ?"

मला विचारण्याचे कारण इतकेच की मी नोकरीभर सायकलने शाळेत गेले. साडीचा पदर खोचून, मागच्या कॅरिअरला वह्यांचा गठ्ठा बांधून. फोनवर उत्तर द्यायला गेले तर ते लांबत गेले, म्हणून म्हटले लिहूनच काढावे. घरातल्या बाकीच्या मंडळींनाही उपयोगी पडेल.

सुरुवात बैलगाडीपासून करते. गाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी पट्टी चढवतात, तिला आपण 'धाव' म्हणतो. लोहार ती लालभडक तापवतो. तापली की ती फुगते, मग लाकडावर चढवायची आणि वर पाणी ओतायचे. चर्र आवाज होऊन ती आवळते आणि चाकाचे सगळे सांधे घट्ट होतात. सायकलच्या टायरची ही पणजी. तिचे काम चाक झिजू न देणे. मऊपणाशी तिचा संबंध नव्हता.

धाव झिजत नसे, मग झिजायचे कोणी? रस्त्याने. वर्षानुवर्षे त्याच जागेवरून लोखंड गेले की जमिनीत दोन समांतर खोबण्या पडत. त्याच चाकोऱ्या. 'चाकोरीबाहेर विचार करा' असे आपण मुलांना सांगतो, पण ज्याने चाकोरीत सायकल घातली आहे त्याला बाहेर पडणे किती अवघड असते ते ठाऊक असते. पुढचे चाक काठाला घासते, हँडल वळत नाही आणि माणूस आडवा होतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता १८८८ साल. या एका सालात आपल्या भागातली एक गोष्ट आणि बेलफास्टमधली एक गोष्ट शेजारी शेजारी येतात.

आपल्याकडची गोष्ट लक्ष्मणराव किर्लोस्करांची. ते मुंबईला व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. तिथून ते सायकली विकत घेऊन बेळगावला पाठवत आणि त्यांचे थोरले बंधू रामूअण्णा त्या विकत. गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवत. सायकलची किंमत सातशे ते हजार रुपये आणि शिकवणीचे पंधरा रुपये! किर्लोस्कर उद्योगाची स्थापना १८८८ ची मानली जाते, म्हणजे त्या मोठ्या कारखानदारीचे मूळ एका सायकलच्या दुकानात आहे. पुढे कडबा कापायचे यंत्र आले, लोखंडी नांगर आला. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगाने भरलेला माळ दिला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. औंध आज सातारा जिल्ह्यात आणि किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात. एक सायकल, दोन जिल्हे, आमच्या भाच्या-भाचीसारखेच.

बेलफास्टची गोष्ट जॉन बॉइड डनलॉप यांची. धंद्याने गुरांचे डॉक्टर. मुलाची तीनचाकी सायकल दगडी रस्त्यावर फार हादरते म्हणून त्यांनी रबराच्या नळीत हवा भरून ती चाकाला गुंडाळली आणि १८८८ च्या डिसेंबरात पेटंट मिळवले. गंमत म्हणजे हवेच्या टायरचे पेटंट रॉबर्ट टॉमसन या दुसऱ्या स्कॉटिश गृहस्थाने १८४५ मध्येच घेतलेले होते. पण तेव्हा आजच्यासारखी सायकलच नव्हती, त्यामुळे ती कल्पना पडून राहिली. टॉमसनचे नाव पुढे आल्यावर डनलॉप यांचे पेटंट टिकले नाही, धंदा मात्र टिकला.

म्हणजे १८८८ सालची सायकल भरीव रबराच्या चाकांवर चालत होती. भरीव चाक दगडावर गेले की माणसासकट अख्खी सायकल दगडाएवढी वर उचलली जाते, पुन्हा खाली आपटते आणि प्रत्येक वेळी पायांची मेहनत वाया जाते. हवेच्या टायरमध्ये दगड आत दबतो आणि टायर त्याच्याभोवती वाकून पुढे जातो. आधी लोकांना वाटले, हे मऊ चाक गादीसारखे सुखाचे असेल, पण संथ चालेल. १८८९ मध्ये बेलफास्टच्या शर्यतीत विली ह्यूम हा गडी हवेचे टायर लावून उतरला आणि जिंकला. मऊ म्हणजे मंद, ही समजूत तिथे पहिल्यांदा मोडली. आमच्या भाच्याच्या मनात मात्र ती अजून आहे. दगडासारखी हवा भरली की सायकल पळते असे त्याला वाटते!

त्या पहिल्या टायरचा दोष असा की तो चाकाला चिकटवलेला असे. पंक्चर काढायचे म्हणजे दिवसाचे काम. फ्रान्समधल्या मिशेलिन बंधूंनी काढता-घालता येणारा टायर केला आणि १८९१ च्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस शर्यतीत शार्ल तेराँ तो लावून पहिला आला. कोपऱ्यावरच्या दुकानात पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधणारा आपला पंक्चरवाला या सुधारणेमुळेच जन्माला आला.

आपल्याकडे हुगळी जिल्ह्यातल्या सहागंजला डनलॉपचा कारखाना १९३६ मध्ये सुरू झाला. स्वातंत्र्यानंतर सायकलीही इथेच होऊ लागल्या. मद्रासजवळ अंबत्तूरला हर्क्युलिस आणि बीएसए, १९५१ मध्ये सोनीपतला अ‍ॅटलास, १९५६ मध्ये लुधियानाला हीरो. काळी, उंच, अठ्ठावीसची सायकल. दूधवाले, पोस्टमन, तलाठी, मास्तर, सगळ्यांची तीच. नगरपालिका सायकलकर घेऊन पत्र्याचा बिल्ला द्यायची, तो हँडलखाली मिरवायचा. ज्यांना विकत घेणे जमत नसे ते तासावर भाड्याने घेत.

या सायकलचा टायर आठवा. अठ्ठावीस बाय दीड. फार रुंद नाही, फार बारीक नाही. मधे साध्या उभ्या रेघा, बाजूला बारीक नक्षी. मोठ्या चाकामुळे लहान खड्डे कळत नसत. डांबरावर चाले, खडीवर चाले, मुरमाच्या गाडीवाटेवरही चाले. तो टायर गावाकडच्या मिश्र रस्त्यासाठी होता, आणि आपला रस्ता तसाच होता.

आता वळू माउंटन बाइककडे. कॅलिफोर्नियात मरिन नावाचा डोंगराळ भाग आहे. १९७० च्या दशकात तिथली काही पोरे जुन्या सायकली घेऊन मातीच्या उतारावरून सुसाट खाली यायची. १९७६ पासून त्यांनी शर्यतीच लावल्या. उतरताना मागच्या चाकातला ब्रेक इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर नवीन भरावे लागे, म्हणून त्या शर्यतीचे नावच 'रीपॅक' पडले. जो ब्रीझ, गॅरी फिशर, टॉम रिची ही नावे त्याच टोळक्यातली. ब्रीझने १९७७ मध्ये या कामासाठी खास सांगाडा बनवला आणि १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची स्टंपजंपर बाजारात आली. त्या सुट्ट्या मातीत रुतून पकड घ्यावी म्हणून टायरवर रबराच्या मोठ्या गाठी. पोरे त्याला 'बटन टायर' म्हणतात तोच.

पण इतिहासाची शिक्षिका म्हणून मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. त्या पोरांनी घेतलेल्या जुन्या सायकली कुठल्या? अमेरिकेतल्या श्विन कंपनीने १९३३ मध्ये सव्वीस इंची, दोन इंचांहून रुंद, फुगीर टायरची सायकल काढली होती. ती चालवायची शाळकरी मुले आणि पेपर टाकणारी मुले. रोजच्या कामाची सायकल! सव्वीस इंची माउंटन बाइकच्या चाकाचे माप आजही तेच आहे. म्हणजे हे चाक मुळात डोंगराचे नव्हेच. पेपरवाल्या पोराचे चाक डोंगरावर गेले आणि गाठी लावून परत आले. भाच्या-भाचीने सायकल बदलायची काहीच गरज नाही. फक्त गाठी काढायच्या, की ते चाक पुन्हा कामावर जायला तयार.

गाठींचा टायर डांबरावर जड का चालतो ते सांगते. डांबर कठीण, गाठ त्यात रुतू शकत नाही. मग गाठच वाकते, सुटते, पुन्हा वाकते. प्रत्येक गाठ वाकवायला तुमच्या पायाची ताकद जाते. तो घूं घूं आवाज म्हणजे तुमचाच घाम, बरं का. शिवाय ओल्या डांबरावर वळताना टेकायला थोड्याच गाठी असतात, त्यामुळे पकड वाढण्याऐवजी कमी होते. "पावसात गुळगुळीत टायर घसरेल ना?" असे भाचीने विचारले. मोटारीचे चाक रुंद आणि सपाट असते, त्याखाली पाणी अडकते, म्हणून त्याला खाचा लागतात. सायकलचा टायर गोल आणि अरुंद, तो पाणी आपोआप बाजूला सारतो. त्याखाली पाण्याचा थर बसायला ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेग लागेल. तेवढा आमच्या घरात कोणाचाच नाही. ओल्यात घसरतात ते रंगवलेले पट्टे, लोखंडी झाकणे आणि शेवाळ. त्यावर कुठलाच टायर चालत नाही, तिथे सरळ आणि सावकाश जायचे.

मग काय, सगळ्यात बारीक, गुळगुळीत टायर घ्यायचा? इथेच माझे म्हणणे वेगळे आहे.

आपला सायकलवाला रस्त्याच्या मधून जातो का? नाही. तो जातो डांबराच्या कडेने. मागून ट्रकने भोंगा दिला, उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आला, की त्याला डांबर सोडून साइडपट्टीवर उतरावे लागते. रस्ता दर काही वर्षांनी नव्याने डांबरतात, थरावर थर चढतो. साइडपट्टीचा मुरूम मात्र तेवढा भरत नाहीत, आणि भरलेला पावसात वाहून जातो. मग डांबराला पायरीसारखी कडा येते. सांगलीकडे २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी तर किती कडा उघड्या पाडल्या ते तिथल्यांना सांगायला नको.

आमच्या शाळेतले गणिताचे सर १९८३ च्या पावसाळ्यात असेच पडले. ट्रकसाठी खाली उतरले, ट्रक गेला, आणि पुन्हा वर येताना पुढचे चाक कडेला घासत राहिले. सायकलचा तोल हँडल सतत जरा इकडे जरा तिकडे वळवूनच सांभाळला जातो. कडेने चाक धरून ठेवले की तो तोल संपतो. चाकोरीत होते तेच. सर डांबरावर आडवे झाले, उजवे मनगट मोडले. मागून दुसरे वाहन नव्हते म्हणून एवढ्यावर निभावले. फळ्यावर हातानेच पूर्ण वर्तुळ काढण्यात त्यांचा हातखंडा होता. त्यानंतर वर्तुळ काढताना अर्ध्यावर त्यांचा हात थांबायचा, आणि वर्ग गप्प व्हायचा.

म्हणून माझे मत असे की कामावर जाणाऱ्याने टायर निवडायचा तो डांबराच्या मध्यासाठी नव्हे, डांबराच्या कडेसाठी. मधल्या भागावर सगळेच टायर चालतात. जीव असतो कडेवर. मधे गुळगुळीत किंवा बारीक रेघांचा, दोन्ही बाजूंना थोडी नक्षी, आणि रुंदी राखलेला. रुंद टायर मुरमात रुतत नाही आणि लहान कडा सहज चढतो. मोठी कडा मात्र कुठलाच टायर चढवत नाही. तिथे थांबावे, पाय टेकावा आणि चाक कडेला आडवे धरून वर घ्यावे. दोन मिनिटे उशीर झाला तर मस्टरवर लाल शेरा पडेल, मनगट मोडणार नाही.

आता दोघांसाठी वेगवेगळे. 

भाच्यासाठी: सातारा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी पसरलेले, जाताना उतार आणि येताना चढ. पाऊस भरपूर, सुट्टीच्या दिवशी यवतेश्वरचा घाट चढून कासला जाण्याची हौस. तुला पकड महत्त्वाची. पावणेदोन ते दोन इंच रुंदीचा, मधे सलग रबर असलेला टायर घे आणि हवा बेताची ठेव.

भाचीसाठी: सांगली-मिरज सपाट, आठ-दहा किलोमीटर, वाहने फार. तुला दीड ते पावणेदोन इंच पुरे. पण तुझा खरा शत्रू काटा. रस्त्याकडेला बाभळीचे काटे आणि उन्हाळ्यात सराटे. सराट्याचे फळ कसेही पडले तरी त्याचा एक काटा वर राहतोच, निसर्गाने ते तसेच घडवले आहे. गाठींच्या मधल्या पातळ रबरातून तो सहज आत जातो. म्हणून नक्षीखाली जाड संरक्षक थर असलेला टायर माग. वजन थोडे वाढेल, वाढू दे. आणि काळ्या मातीत सायकल घालू नकोस. ती माती गाठी भरून टाकते, मग मडगार्ड भरते, मग चाकच थांबवते. मडगार्ड आणि टायरमध्ये बोटभर जागा ठेव.

हवेबद्दल. साधारण वजनाच्या माणसाला अशा टायरमध्ये मागे ४५ ते ५५ पौंड आणि पुढे पाच-दहाने कमी पुरते. पुढच्या चाकावर भार कमी असतो म्हणून. टायरच्या बाजूवर छापलेली मर्यादा ओलांडू नये. बसल्यावर टायर किंचित दबलेला दिसला पाहिजे. अजिबात दबत नसेल तर आपण पुन्हा १८८८ च्या भरीव चाकावर आलो असे समजावे.

शेवटी मापाचा घोटाळा, कारण दुकानात इथेच फसगत होते. माझी लेडीज सायकल 'सव्वीस'ची होती आणि भाचीची माउंटन बाइकही 'सव्वीस'ची, पण माझा टायर तिच्या रिमवर बसणार नाही. टायरच्या बाजूवर दोन आकडे असतात, ते पाहावेत. पहिला रुंदीचा, दुसरा रिमवर टायर बसतो तिथल्या व्यासाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. सव्वीसच्या माउंटन बाइकचा दुसरा आकडा ५५९. माझ्या सायकलचा ५९०. जुन्या अठ्ठावीसचा ६३५. हल्लीच्या साडेसत्तावीसचा ५८४ आणि एकोणतीसचा ६२२. दुसरा आकडा जुळलाच पाहिजे, पहिल्यात थोडे मागेपुढे चालते. आणि आणखी एक गंमत: सव्वीस बाय १.७५ आणि सव्वीस बाय पावणेदोन अपूर्णांकात लिहिलेला, हे दोन वेगळे टायर आहेत! एकाचा आकडा ५५९, दुसऱ्याचा ५७१. गणितात समान, रिमवर असमान. आमच्या सरांनी हे ऐकले असते तर दुकानदाराला अंगठे धरून उभे केले असते.

असो. इतिहासाकडे पाहिले तर दीडशे-पावणेदोनशे वर्षे चाकानेच रस्त्याशी जुळवून घेतले आहे. लोखंड गेले, रबर आले, हवा आली, गाठी आल्या आणि गेल्या. उसाच्या बैलगाड्यांनीही धाव टाकून मोटारीचे टायर लावले. रस्त्याने चाकाशी जुळवून घेण्याची वेळ मात्र क्वचितच आली. टायर आपण दुकानात निवडू शकतो, साइडपट्टी निवडू शकत नाही. ती भरायला फार मोठे तंत्र लागत नाही. मुरूम, रोलर आणि पावसाळ्यानंतर एकदा कोणीतरी खाली उतरून पाहणे, एवढेच. ज्यांच्या ओळखीत ग्रामपंचायतीत, पालिकेत, बांधकाम खात्यात कोणी असेल त्यांनी या दिवाळीला फराळाबरोबर एवढे बोलून घ्यावे.